निपाणीहून मच्छ्याला, चॉकलेटच्या कारखान्यात

आमच्या घरानं सगळ्यांनी मिळून अशी एकच सहल केली. आप्पा, आई, आक्का आणि मी. सन ब्याऐंशी असेल किंवा त्र्याऐंशी. दिवस मात्र पक्का आठवतो, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी. निपाणीहून बेळगाव, बेळगावहून मच्छे, आणि मच्छ्यात चॉकलेटचा कारखाना.

‘मुलांना घेऊन एका दिवसात जाऊन येण्यासारखं काही सांगा,’ असं तुम्ही मला या ब्लॉगवर सारखं विचारता. चॉकलेटच्या कारखान्यांच्या सहली हल्ली फार निघाल्यात म्हणे. तिकीट काढायचं, कागदी टोपी घालायची, फोटो काढायचे. मी त्यातल्या एकाही ठिकाणी गेलेली नाही आणि जाणारही नाही. मी पाहिलेल्या एकाच कारखान्याचं सांगते. गोडाधोडाचं वाचायला आला असाल तर इथूनच परत फिरा, मी रागावणार नाही.

जायचं ठरवलं आईनं. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते, आई आणि आक्का घरी विड्या वळायच्या. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. तेव्हा एकोणीस वर्षांची. आठव्या वर्षी तिच्या मांडीवर सूप आलं ते कायमचं. सुपात एका बाजूला कापलेली पानं, एका बाजूला तंबाखूचा चुरा, आणि मध्ये आक्काची बोटं. ती बोटं बघायला गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. पान घेतलं, चुरा भरला, वळलं, तोंड मुडपलं, दोरा बांधला. एवढं सगळं होईतो दुसरीचं पान हातातच असायचं.

पण दोन वर्षं ती खोकत होती. अन्न टिकत नव्हतं. डॉक्टरनं शेवटी आईला झापलं, ‘ही पोरगी तंबाखूत बसणार असेल तर परत माझ्याकडं आणू नका.’ आता निपाणीत तंबाखूत बसायचं नाही तर बसायचं कुठं? बाई माणसाला दुसरं काम होतं का त्या गावात?

आणि गणपतीत मामा आला. दौलतमामा, आईचा थोरला भाऊ. मच्छ्याच्या चॉकलेट कारखान्यात गेटवर वॉचमन. त्यानं बातमी आणली. दसऱ्यानंतर कारखान्यात चॉकलेटं कागदात गुंडाळायला पोरी घेणार होते. खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करतात, त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना, पैपाहुण्यांना आत सोडतात, सगळा कारखाना दाखवतात, आणि त्याच दिवशी मॅनेजर पोरींची परीक्षा घेणार होता.

‘हौसा, तुझ्या सुमीसारखी बोटं उभ्या बेळगावात न्हाईत,’ मामा आईला म्हणाला. ‘तिला बगितलं की साहेब दुसरीकडं बघायचाच न्हाय. पन एक ध्यानात ठेव. तंबाखूचा वास न्हाय आला पायजे. चाकलेट लई वंगाळ असतंय, शेजारचा वास लगीच वडून घेतंय. वास आला की संपलं.’

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. आक्कानं शेवटचे पंधरा दिवस सुपाला हात लावला नाही. तिच्या वाटणीच्या विड्या आई वळायची, पहाटेपासून. आक्का हात धुवायची. शिकेकाईनं, लिंबानं, चिंचेच्या पाण्यानं, राखेनं. हाताची सालं निघाली तरी थांबेना. दिवसभर आपलेच तळवे नाकाशी नेऊन हुंगत बसायची. मामानं तिला चॉकलेटचे पिवळे कागद आणून दिले होते. त्यात ती चिंचोके गुंडाळायची, दोन्ही टोकांना पीळ द्यायची, उलगडायची, परत गुंडाळायची. तिसऱ्या दिवशी ती चिंचोक्याकडं न बघता गुंडाळायला लागली. आई कौतुकानं म्हणाली, ‘माज्या लेकीला आता पंख्याखाली बसायचं हाय.’

खंडेनवमीच्या सकाळी आईनं ट्रंकेतलं पांढरं पातळ काढलं. आम्ही बौद्ध; बुद्धजयंतीला आणि विजयादशमीला नेसायचं म्हणून आईकडं ते एकच चांगलं पातळ होतं. उद्या विजयादशमीच्या कार्यक्रमाला आई ते नेसणार होती, पण आज ते आक्काला. आक्कानं ते नेसलं, वेणी घातली, आणि दारात उभी राहिली. काय सांगू तुम्हाला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं सोडली तर शाळेतली बाईच वाटत होती. आप्पांनी तर कमालच केली. तंबाखू-चुन्याच्या चंचीशिवाय जो माणूस गल्लीच्या टोकापर्यंत जात नसे, त्यानं चंची कोनाड्यात ठेवली. म्हणाले, ‘आज न्हाय. आज पोरीचं काम हाय.’

आता प्रवासाचं. निपाणी ते बेळगाव हायवेनं सरळ रस्ता आहे. आज गाडीनं तुम्ही सव्वा तासात पोचाल. तेव्हा लाल बसला दोन-अडीच तास लागायचे, आणि वाटेत टायर फुटलं तर देवाची करणी. त्या दिवशी बसला केळीचे खुंट बांधलेले, पुढं झेंडूची माळ, आणि ड्रायव्हरनं चाकाखाली लिंबं ठेवून ती चिरडतच गाडी स्टँडातून बाहेर काढली. तुम्हाला जुनी मजा बघायची असेल तर खंडेनवमीलाच या भागात बसनं फिरा. खिडकी मिळाली तर सोडू नका. तवंदीचा घाट लागला की वारं बदलतं आणि निपाणी मागं पडते. मी खिडकीत बसले होते, शेजारी आक्का. तिनं बसचं तिकीट घेतलं आणि त्यात एक शेंगदाणा गुंडाळून टोकांना पीळ दिला. मला दिला, म्हणाली, ‘खा, साहेबीनबाईंनी केलंय.’

संकेश्वरला एक बाई मिरच्यांचं गाठोडं घेऊन चढली. आमच्या पुढच्या सीटवर टेकली आणि लगेच पदर नाकाला लावला.

‘निपाणीची गाडी व्हय?’ तिनं कंडक्टरला विचारलं. ‘इचारायलाच नको म्हना. आंधळ्यालाबी कळंल.’

सगळी बस हसली. आप्पा मोठ्यानं म्हणाले, ‘आमाला नका म्हनू मावशी! आमी आज धुऊन-पुसून आलोय.’ ती बाई म्हणाली, ‘धुतल्यानं जातंय व्हय, दादा? माजी मिरची तरी जातीय का?’ परत हसणं. आम्हीसुद्धा हसलो, पोट धरून. आपलं कशाला असेल, दुसऱ्या कुणाचं असेल, असंच आम्हा चौघांना वाटलं.

हत्तरगी, यमकनमर्डी, काकती करत बेळगाव आलं. स्टँडवरच एका कडेला बसून आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. कांदा आक्कानं खाल्ला नाही, वास राहील म्हणून. आप्पांनी चौघांत दोन चहा घेतले. कुंदा घ्यायचा का, असं मी विचारलं तर आई म्हणाली, ‘येताना घिऊ. काम हुंदे, मंग पेढं, कुंदा, काय पायजे ते घिऊ.’ बेळगावचा कुंदा तुम्ही जरूर घ्या. आम्ही काही तो घेतला नाही.

मच्छ्याला जायला खानापूर रस्त्याची सिटी बस. टिळकवाडी, रेल्वेचं गेट, उद्यमबाग, पिरनवाडी. गेट पडलेलं होतं, तिथंच अर्धा तास गेला. आक्का सारखी विचारत होती, ‘आप्पा, उशीर हुतोय का? आप्पा, नंबर जातोय का माजा?’ पिरनवाडीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची शेतं होती, कापणीला येऊ घातलेली. निपाणीच्या मानानं हवा गार. आई म्हणाली, ‘हितं खोकला ऱ्हाईल बग तुजा.’ मामाच्या खोलीत आक्कानं राहायचं, रविवारी निपाणीला यायचं, हे सगळं त्यांचं ठरूनसुद्धा गेलं होतं.

कारखान्याच्या गेटला झेंडूचं तोरण. कोहळा फोडलेला, त्यावर कुंकू. उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे एकदम लावलेले, धुपाचा नुसता लोट. मामा खाकी कपड्यांत, कपाळाला गंध, आम्हाला बघून त्याची मान जरा उंच झाली. बाकीच्या वॉचमनला म्हणाला, ‘माजी भाची. बोटं बगा आता हिची.’

आतमध्ये पन्नासेक माणसं रांगेनं फिरत होती. माझ्या डोक्यात काय काय होतं! वाटलं होतं, चॉकलेटचे डोंगर असतील, भिंती चाटायच्या. तसलं काही नव्हतं. मोठमोठ्या कढया, बंद. पत्र्याचे नळ. साखरेची पोती, आमच्या वखारीतल्या पोत्यांसारखीच. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू आणि एकेक लिंबू. भाजलेल्या कोकोच्या बिया एका परातीत दाखवायला ठेवल्या होत्या. मी एक चावली आणि थुंकले. कडू! आप्पांनी फिटरला विचारलं, ‘ह्येचं चाकलेट हुतंय? खरं सांगा.’ तो हसला, ‘काका, साखर घातली की कशाचंबी काय बी हुतंय.’

आईला यंत्रांशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं त्या फिटरला एवढंच विचारलं, ‘कागूद गुंडाळायचं काम उभ्यानं का बसून?’

‘बसून. बाकावर. वर पंखे हाईत, आणि गार मशीन वेगळंच.’

आई त्या दिशेला बघत राहिली. तिला पुढं चला म्हणून दोनदा सांगावं लागलं.

गुंडाळायची खोली अगदी शेवटी होती. दार लावलेलं, आत गार. इथं उदबत्ती नाही, धूप नाही, कुंकूसुद्धा दाराबाहेरच. लांब टेबलापाशी दहा-बारा पोरी बसवल्या होत्या. मच्छे, पिरनवाडी, कुणी जांबोटीकडची, रात्रीच मुक्कामाला आलेली. घरचे लोक भिंतीला टेकून उभे. मॅनेजर साहेब तसे भले दिसले, मराठी नीट बोलत होते. वहीत नाव लिहीत होते. नाव, गाव, आडनाव, शिक्षण. आक्काचं झालं. साहेबांबरोबर एक पांढरा कोट घातलेली बाई होती, तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडम कानडी, पण तिला मराठी समजायची.

प्रत्येकीपुढं चॉकलेटच्या वड्यांचा ट्रे आणि कागदांची चळत ठेवली. साहेबांनी घड्याळ बघून ‘चला’ म्हटलं.

मी आजवर पुष्कळ काय काय पाहिलं. पण माझ्या आक्काला त्या टेबलावर बघितलं तसं काही परत पाहिलं नाही. बाकीच्या पोरी कागद सरळ करत होत्या, वडी मध्ये ठेवत होत्या, खाली पाडत होत्या. आक्काचे हात नुसते वाहत होते. ती ट्रेकडं बघतसुद्धा नव्हती. समोर भिंतीकडं बघून गुंडाळत होती आणि तिच्या तोंडावर हसू होतं. दुसऱ्यांचे अर्धे ट्रे झाले नव्हते तोवर हिचा संपला. हिनं हात मांडीवर ठेवले. भिंतीकडचे लोक, परक्या पोरींचे आईबाप, त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

साहेब म्हणाले, ‘अरे वा! निपाणी काय? नाव काय म्हणालीस? हिला आधी घ्या.’

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की मला दुखलं. मामा दारातून आत बघत होता, त्याचे डोळे भरले होते.

मॅडम ट्रे उचलायला आक्काच्या मागून वाकली. आणि तशीच थांबली. तिनं परत श्वास घेतला. मग ट्रेमधलं एक चॉकलेट उलगडून नाकाशी नेलं.

‘होगेसोप्पु,’ ती म्हणाली.

तंबाखूला कानडीत होगेसोप्पु म्हणतात. निपाणीत शेंबड्या पोरालाही हा शब्द येतो.

साहेबांनी विचारलं, ‘विड्या वळतेस का गं?’

‘वळत हुते साहेब. सोडल्या. पंधरा दिस झाले, हातबी लावला न्हाय.’ आक्कानं दोन्ही तळवे पुढं केले. सालं निघालेले, लालभडक. मॅडमनं ते हुंगले, मान हलवली, तिथं काही नव्हतं. मग ती आक्काच्या खांद्याशी आली, पदराशी आली. तिनं साहेबांकडं बघून नुसती मान डोलावली. साहेब स्वतः एक पाऊल पुढं आले आणि त्यांनाही तो वास आला.

‘बाई, खोटं कशाला बोलायचं?’ ते आईकडं वळून म्हणाले. आवाज चढवला नाही, ते एक बरं. ‘पोरीची बोटं चांगली आहेत, मी मानतो. पण ती रोज तंबाखूत बसते, हे मला इथून कळतंय. दुधाशेजारी कांदा ठेवला तर काय होतं? तसंच हे. माझा सगळा माल जाईल.’

‘साहेब, लेकीच्या गळ्याची आन,’ आई म्हणाली, ‘पंधरा दिस तिनं सूप बगितलं न्हाय. तिच्या वाटणीच्या मी वळल्या. मला इचारा. शेजारपाजारच्यास्नी इचारा.’

‘आता निपाणीला माणूस पाठवू का विचारायला?’

कुणीतरी भिंतीकडून हसलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच कुणीतरी. आक्का उभी राहिली. ‘खोटं न्हाय बोलत मी,’ एवढंच ती म्हणाली, आणि ते इतक्या हळू की मलाच ऐकू आलं असेल. मॅडमनं आक्काचा ट्रे उचलून खाली फरशीवर, कोपऱ्यात, एकटा ठेवला. त्यातलं एकही चॉकलेट नंतर दुसऱ्या ट्रेमध्ये गेलं नाही. मी दारातून बाहेर पडेपर्यंत बघत होते.

गेटवर सगळ्या पाहुण्यांना एकेक पुडा वाटत होते, आम्हालाही दिला. मामा कुणाच्या तोंडाकडं बघेना. आप्पा त्याला म्हणाले, ‘नाव इचारलं. गाव इचारलं. आडनाव इचारलं. मंग वास आला. कळंना व्हय मला?’

‘तसं न्हाय हो दाजी,’ मामा म्हणाला.

‘न्हाय कसं? तुला गेटवर ठिवलाय न्हवं? गेटवर चालतोय आपुन. खायच्या वस्तूला हात लावायचा म्हनला की वास येतोय.’

आम्ही सिटी बसनं परत बेळगाव स्टँडवर आलो आणि कुंद्याची दुकानं ओलांडून निपाणीच्या बसमध्ये बसलो. काकतीपर्यंत आप्पा बोलत होते. आई रडत होती आणि आप्पा बोलत होते, की ह्यांना आपली पोरं टेबलावर बसलेली बघवत नाहीत, की मी वरपर्यंत अर्ज करीन, की पोरगी सगळ्यात पुढं गेली तेच ह्यांना झोंबलं. ते ऐकताना आक्काची मान जरा सरळ झाली होती. आम्हा सगळ्यांनाच तो राग धरून बसायला बरा होता. माझ्या आप्पांना मी इतकं मोठं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

संकेश्वरच्या अलीकडं आक्काला खोकल्याची उबळ आली. थांबेना. उभी राहिली, वाकली, पातळ सुटायला आलं म्हणून आईनं तिच्या निऱ्या सावरल्या. आणि आईच्या बोटांना काहीतरी लागलं. निऱ्यांच्या आतल्या घडीतून एक तपकिरी तुकडा निघाला. मग दुसरा. मग चुरा.

तंबाखूचं पान होतं.

निपाणीत सगळ्यांच्याच ट्रंकेत असतं. ठेवणीतल्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून घडीत तंबाखूचं चांगलं, धड पान घालून ठेवायचं, तशी रीतच आहे तिथं. बुद्धजयंतीनंतर आईनं पातळ धुतलं, वाळवलं, आणि कागदात दोन पानं गुंडाळून घडीत घातली. सकाळी काढताना कागद काढला, एक पान काढलं. दुसरं कागदातून निसटून खळीच्या घडीला चिकटून राहिलं होतं. पाच महिने त्या ट्रंकेत ते पातळ तंबाखूतच होतं, आणि आम्हा चौघांपैकी एकालाही वास आला नाही. येणार कसा? आमची भिंत तीच, हवा तीच, अंथरुणं तीच. वास कशाला म्हणतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. पंधरा दिवस पोरीनं हाताची कातडी सोलून काढली, आणि आईनं आपल्या हातानं तिला तंबाखू नेसवला. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो गेला असा.

‘मीच ठिवलं,’ आई म्हणाली. ‘आगं, मीच ठिवलं!’ आणि तिनं कपाळ पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एकदा, दोनदा. आक्कानं तिचं डोकं धरलं.

‘ऱ्हाऊंदे गं आई. तुला काय म्हाईत.’

आप्पांनी तो तुकडा आईच्या हातातून घेतला, बघितला. मग खिडकीकडं तोंड केलं. गेटवर ते बोलले ते सगळंच खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. तसली गेटं मी पुढं पुष्कळ पाहिली. पण पान खरं होतं, आणि साहेब खोटं बोलला नव्हता. आप्पांना रागाचा आधार होता, तोही गेला. कुणावर ओरडायचं राहिलं नाही. त्यानंतर माझ्या बापाचा आवाज घरात कधी चढला नाही, आणि ते मला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमीला आई कार्यक्रमाला गेलीच नाही. पातळ धुऊन दोरीवर वाळत होतं. त्याच्या पुढच्या दिवशी आक्का उठली, चूल पेटवली, आणि सूप मांडीवर घेतलं. आईनं हिसकावायला हात घातला. आक्का म्हणाली, ‘मंग काय करू? सांग.’ आईनं हात काढून घेतला.

आप्पांनी मामाला पत्र लिहून सगळं कळवलं. मामानं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, जागा भरल्या, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मामानं परत विचारलं तेव्हा म्हणाले, निपाणीची पोरगी नको, धोका कशाला घ्यायचा. आईनं कपड्यांत पान ठेवायचं कायमचं बंद केलं. पांढऱ्या पातळाला दोन पावसाळ्यांत कसरीनं भोकं पाडली. तिनं ती रफूसुद्धा केली नाहीत.

ते पुडे आम्ही खाल्ले का, असं तुम्ही विचाराल. मी खाल्ला. माझा आणि आक्काचाही. अकरा वर्षांची होते, चांगलं लागलं. कारखाना आता नाही. त्या बाजूला गेलात तर नुसता रस्ता दिसेल आणि शेडच शेड. मच्छ्याला मुद्दाम जाऊ नका. जायचंच तर पुढं जांबोटीकडं जा, पावसाळ्यानंतर तिकडचं रान बघण्यासारखं असतं.

राहिलं काय, ते सांगते आणि संपवते. मी मॅट्रिक झाले आणि बेळगावला हॉस्टेलवर आले. आक्कानंच पाठवलं, तिच्या विड्यांवर. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीनं माझी ट्रंक बाहेर व्हरांड्यात ठेवली. ‘तुझ्या कपड्यांना कसला उग्र वास येतो गं?’ म्हणाली. मी कपडे नाकाला लावून बघितले, मला काहीच कळेना. दिवाळीला घरी गेले आणि निपाणी स्टँडवर बसमधून पाय खाली ठेवला, तेव्हा तो वास मला आयुष्यात पहिल्यांदा आला. घशात बसला. घरापर्यंत चालताना मी तोंडानं श्वास घेत होते.

आक्काची ती शेवटची दिवाळी. दोन महिने ती अंथरुणाला खिळली होती, सूप केव्हाच बाजूला ठेवलेलं. अंगात काही राहिलं नव्हतं, नुसते डोळे. मला बघून तिनं आईला बाहेर पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

‘शालू, तू आता भायेर ऱ्हातीस. तुला कळंल. दोन म्हयनं झालं, सुपाला हात न्हाय. गेला असंल न्हवं आता वास?’

मी वाकले. तिच्या केसांत होता. उशीत होता, गोधडीत होता, मागच्या भिंतीत होता. श्वास घेताना तिच्या छातीतून येत होता.

‘गेला,’ मी म्हणाले. ‘अजिबात येत न्हाय बग.’

‘खरं?’

‘खरं.’

‘मंग मामाला इचार की, जागा निघाल्यात का.’

कारखान्याला कुलूप लागून वर्ष होऊन गेलं होतं. मामा कधीच गावाकडं निघून गेला होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, ‘इचारते.’

तिनं दोन्ही हात गोधडीतून बाहेर काढले, डोळ्यांपुढं धरले, आणि अंगठा एकेका बोटावरून फिरवून बघितला.

‘बोटं चालत्यात अजून,’ म्हणाली.